मन मोकळे करण्याची शिस्त

माणसे एका छपराखाली राहू लागली म्हणजे ती एकमेकांच्या जवळ येतातच असे नाही. वसतिगृहात शेजारी असतात, प्रार्थनेला मंडळी असते, पण मनातले सांगावे असा माणूस सापडतोच असे नाही. हे अंतर कसे मिटवावे, याचा एक विचारपूर्वक प्रयत्न १९३५ ते १९३७ या काळात जर्मनीत झाला.

हिटलरच्या राजवटीने प्रॉटेस्टंट चर्चवर ताबा मिळवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा विरोधकांनी 'कन्फेसिंग चर्च' उभे केले. त्याच्या तरुण पाळकांना शिकवण्याचे काम डीट्रिख बॉनहोफर (१९०६-१९४५) या धर्मशास्त्रज्ञाकडे आले. स्टेटिन शहराजवळ फिंकेनवाल्डे येथे ही शाळा होती; तो भाग आज पोलंडमध्ये आहे. गुरू आणि शिष्य एकत्र राहत, जेवत, प्रार्थना करीत. सप्टेंबर १९३७ मध्ये गेस्टापोने शाळा बंद केली. या सहवासाचे सार १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॉनहोफरच्या 'सहजीवन' या अर्थाच्या नावाच्या छोट्या पुस्तकात आहे.

त्याचे निरीक्षण मार्मिक आहे. धार्मिक मंडळीतच माणूस फार एकटा पडू शकतो, कारण तेथे प्रत्येकाला सज्जन दिसायचे असते. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत सांगायचे, तर हा ताळेबंद फक्त मालमत्तेची बाजू दाखवतो आणि देणी लपवतो. बायबलमधील याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापे कबूल करण्यास सांगितले आहे. फिंकेनवाल्डेत हा उपदेश आचरणात आणण्याचा प्रयत्न झाला. 'मी पापी आहे' असे मोघम बोलणे सोपे असते. आपला नेमका दोष एका माणसासमोर सांगणे अवघड. त्या क्षणी मोठेपणाचा मुखवटा गळतो, आणि एकटेपणही संपते.

पण असे मन उघडायचे, तर ते सुरक्षितही हवे. त्यासाठी तेथे काही पथ्ये होती. गैरहजर बंधूविषयी बोलायचे नाही. बोलणे झालेच, तर त्याला ते सांगायचे. कबुलीची सक्ती नाही. जो स्वतः कबुली देत नाही, त्याने दुसऱ्याची ऐकू नये, आणि एकाच माणसाने सर्वांची ऐकणे धोक्याचे, असे बॉनहोफरने बजावले आहे. नाहीतर ऐकणाऱ्याच्या हाती सत्ता येते. त्याने स्वतःला यातून वगळले नाही. त्याचा शिष्य व चरित्रकार एबरहार्ड बेथगे याने नोंदवले आहे की, बॉनहोफरने आपली कबुली एका अननुभवी विद्यार्थ्यापुढे दिली. गुरूनेच पहिले पाऊल टाकल्यावर शिष्यांची भीती कमी होणारच.

ही गोष्ट केवळ ख्रिस्ती मंडळीपुरती नाही. मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेली मुले इंग्रजीतले व्याख्यान ऐकतात. 'समजले का?' या प्रश्नावर सारा वर्ग मान डोलावतो. न समजलेले प्रत्येक जण लपवतो, आणि आपण एकटेच मागे आहोत असे मानून झुरतो. एकाने 'मला कळले नाही' म्हटले, आणि कोणी हसले नाही, की पुढचा हात वर येतो. मन मोकळे करणे हा स्वभावाचा भाग आहे असे आपण समजतो. फिंकेनवाल्डे सांगते की, ती शिस्त आहे, शिकता येते. तिची सुरुवात मात्र बोलणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्यानेही करायची असते.