संग्रहालयातील अभ्यागत सुविधा : तिकिटापलीकडील किंमत

वाराणसीतील संकठा घाट मराठी वाचकाला परका वाटू नये. त्याच्या एका बाजूस शिंदे घराण्याच्या नावाचा सिंधिया घाट, तर दुसऱ्या बाजूस थोड्या अंतरावर नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे. संकठा देवीचे मंदिर, अरुंद गल्ल्या आणि गंगेत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या हे तिकीट नसलेले एक खुले संग्रहालयच होय. येथून मणिकर्णिका घाटावरून पुढे, प्रवाहाच्या उलट दिशेने गेल्यास मानमहाल लागतो. आमेरच्या राजा मानसिंगाच्या या वास्तूत अठराव्या शतकातील वेधशाळा आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथे वाराणसीच्या संस्कृतीचा परिचय करून देणारे आभासी अनुभव संग्रहालय सुरू झाले.

या दोन ठिकाणांच्या दरम्यान एक महत्त्वाचा आर्थिक प्रश्न उभा राहतो : संग्रहालयाच्या भेटीची खरी किंमत कोणती?

गर्दी नसताना एका अधिक अभ्यागतामुळे होणारा सीमांत खर्च नगण्य असतो. शिवाय शिक्षण व सांस्कृतिक जाणीव यांचा लाभ अभ्यागताबरोबरच समाजालाही मिळतो. म्हणून प्रवेशशुल्क अल्प ठेवणे समर्थनीय ठरते. केंद्रीय संरक्षित ‘ब’ श्रेणीतील स्मारकांसाठी २०१८ मध्ये भारतीयांना २५ रुपये व परदेशी पर्यटकांना ३०० रुपये असे रोख दर ठरविण्यात आले. मूल्यभेदाचे हे उत्तम उदाहरण आहे.

परंतु शुल्क हा किमतीचा केवळ एक घटक होय. गुडघेदुखीने त्रस्त वृद्धेला घाटाच्या उंच पायऱ्या, चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याला उताराच्या मार्गाचा अभाव, तान्ह्या बाळाच्या मातेला स्वच्छतागृह नसणे, ही सारी न छापलेली शुल्केच आहेत. पावसाळ्यात पुराच्या पाण्याने घाटांमधील वाट बंद होते. अशा वेळी गल्ल्यांतून मार्ग दाखविणारा फलक नसेल, तर वेळेचा खर्चही वाढतो. तिकीट माफ केले तरी ही शुल्के माफ होत नाहीत आणि त्यांचा भार दुर्बलांवरच सर्वाधिक पडतो.

या दृष्टीने धोरणात्मक उपाय पाहावेत. डिसेंबर २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झाले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये विद्यमान सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून ५ वर्षांच्या आत सुगम्य करण्याची तरतूद आहे. वारसा दत्तक योजना २०१७ मध्ये सुरू झाली. २०२३ मधील तिच्या सुधारित स्वरूपात स्वच्छता, सुगम्यता, सुरक्षा व ज्ञान अशा चार गटांत सुविधांची विभागणी करण्यात आली. कंपनी अधिनियम, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारशाच्या संरक्षणाचा समावेश असल्याने कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधीही या कामी वापरता येतो.

तथापि, दोन मर्यादा लक्षात घ्याव्यात. पहिली, प्रसिद्धीची अपेक्षा बाळगणारा खासगी निधी नामांकित स्मारकांकडे वळणे स्वाभाविक आहे. लहान संग्रहालयांसाठी सार्वजनिक तरतूद अपरिहार्य राहते. दुसरी, स्वच्छतागृह बांधणे हा भांडवली खर्च आहे. ते रोज स्वच्छ ठेवणे, पिण्याचे पाणी पुरविणे, सामानघर चालविणे व मार्गदर्शक नेमणे हा आवर्ती खर्च होय. उद्घाटनानंतर अंदाजपत्रकात आवर्ती तरतूद नसेल, तर सुविधा केवळ कागदावर उरते.

सारांश, अभ्यागत सुविधा ही संग्रहालयाची शोभा नसून सार्वजनिक सेवेच्या समन्यायी वितरणाचे साधन आहे. एखाद्या संग्रहालयाच्या यशाचे मोजमाप करताना किती लोक आले, एवढेच विचारणे पुरेसे नाही. कोण दारापर्यंत येऊन परतले आणि कोण निघालेच नाही, हेही विचारले पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न : ‘विनामूल्य प्रवेश म्हणजे समान प्रवेश नव्हे.’ सीमांत खर्च, मूल्यभेद व आवर्ती खर्च या संकल्पनांच्या आधारे चर्चा करा.