श्वासाचा आवाज व दम्याचे औषध

पांढुर्णा जिल्ह्यातील जामसांवलीसारख्या गावी एखाद्या दमेकऱ्यास ओढून घेण्याचे औषध मिळाले, की ते घेण्याची रीत त्यास बहुधा एकदाच, दवाखान्यात, दाखविली जाते. पुढे घरी तो ते कसे घेतो हे पाहणारा कोणी नसतो. रोज औषध घेऊनही धाप कमी झाली नाही म्हणजे दोष औषधास दिला जातो. पुष्कळदा तो श्वास ओढण्याच्या रीतीत असतो.

भुकटीच्या औषधास रुग्णाच्या श्वासाचाच काय तो रेटा मिळतो. म्हणून श्वास जोराचा व खोल हवा. ‘डिस्कस’ नावाच्या उपकरणात हा प्रवाह मिनिटास सुमारे ३० लिटरहून कमी पडल्यास औषध पुरेसे आत पोहोचत नाही. याउलट, दाबताच फवारा सोडणाऱ्या पंपाचे औषध सावकाश ओढावयाचे असते. तेथे जोर केल्यास फवारा घशावर आदळतो. एकाच घरात दोन्ही उपकरणे असली, की घोटाळा ठरलेलाच.

प्रवाह मोजणारे यंत्र घरोघरी असणे शक्य नाही. परंतु अरुंद मार्गातून हवा वेगाने गेली, की ती खळबळून आवाज होतो. प्रवाह वाढला, की आवाजही वाढतो. पिंपळाची सळसळ ऐकून वाऱ्याचा जोर ओळखावा, तसेच हे. आयर्लंडमधील डब्लिन येथे मार्टिन होम्स, रिचर्ड कॉस्टेलो, रिचर्ड रायली आदी संशोधकांनी याच तत्त्वावर केलेले काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रथम श्वासाचा आवाज व प्रवाहमापकावरील आकडा एकाच वेळी टिपून त्यांनी दोहोंचा संबंध ठरविला. नंतर केवळ ध्वनिमुद्रणावरून प्रवाहाचा अंदाज केला.

अर्थात एका उपकरणासाठी ठरविलेला संबंध दुसऱ्यास लागू पडत नाही. ध्वनिग्राहकाची जागा बदलली, किंवा शेजारी पंखा घरघरत असला, तरी अंदाज चुकू शकतो.

वेगाखेरीज इतर चुकाही मुद्रणात सापडतात. कोणी उपकरणातच श्वास सोडतो व त्याच्या ओलाव्याने भुकटी खराब होते. ‘डिस्कस’ची पट्टी सरकविताना ‘टक्’ असा आवाज होतो. तो नसून नुसताच श्वास ऐकू आला, तर औषधाची मात्रा उघडलीच गेली नाही असे समजावे. रुग्ण मात्र औषध घेतल्याच्या समजुतीत असतो.