भोक पडलेला पिस्टन



आपल्या प्रयोगशाळेतील काचेच्या कपाटात, खालच्या फळीवर, ॲल्युमिनियमचा एक पिस्टन ठेवलेला आहे. त्याच्या माथ्याला हरभऱ्याचा दाणा आरपार पडेल एवढे भोक आहे. आठवीची मुले त्यातून एकमेकांकडे डोळा लावून बघतात. हे भोक कोणत्याही हत्याराने पाडलेले नाही, ते पेट्रोलने पाडले आहे. कसे, ते या अंकात सांगतो.

पिस्टन आपल्याच एका माजी विद्यार्थ्याचा. त्याने चाकणला तयार झालेली, ३७३ सीसीची जुनी ड्यूक ३९० विकत घेतली. रस्त्यावर फिरण्यासाठी नव्हे, तर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर धावण्यासाठी. वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढले होते.

आधी थोडे गणित. पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, तिला पिस्टन वर गेल्यावर उरलेल्या जागेने भागले की संपीडन गुणोत्तर मिळते. (मी हिंदी माध्यमात शिकलो, तेथे ‘संपीडन अनुपात’ म्हणत. राणीगंजचा मेकॅनिक नुसते ‘कंप्रेशन’ म्हणतो.) जुन्या बुलेटचे हे गुणोत्तर ६.५ होते, या ड्यूकचे सुमारे १२.६ आहे. म्हणजे वर उरलेली जागा ३७३ ÷ ११.६ = ३२ घन सेंटिमीटर, चहाचे सहा चमचे! आता सिलिंडरच्या बुडाचे पॅकिंग फक्त अर्धा मिलीमीटर पातळ केले तर? सिलिंडरचा व्यास ८९ मिलीमीटर, क्षेत्रफळ ६२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे जागा ३.१ घन सेंटिमीटरने कमी. गुणोत्तर एकदम सुमारे १३.८ वर जाते. नखाएवढ्या जाडीचा हा खेळ आहे. शिवाय व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातले अंतरही तेवढेच घटते, हे पुष्कळ जण विसरतात.

गुणोत्तर वाढवायचे कशाला? मिश्रण जितके जास्त दाबले, तितके पेटल्यानंतर ते जास्त प्रसरण पावते आणि तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम मिळते. पण सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, हा अनुभव सर्वांनाच आहे. दाबले की तापते. ठिणगी पडल्यावर ज्योत फुलबाजीसारखी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जायला हवी. मिश्रण फार तापले असेल, तर ज्योत पोचण्याआधीच पलीकडच्या कोपऱ्यातले मिश्रण लवंगी माळेसारखे आपोआप फुटते. तो खडखडाट म्हणजे नॉकिंग. त्या धक्क्यांनी पिस्टनवरचा वायूचा संरक्षक थर निघून जातो. आतला वायू दोन हजार अंशांच्याही वर असतो, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते.

ऑक्टेन क्रमांक म्हणजे हे आपोआप पेटणे टाळण्याची पेट्रोलची सहनशक्ती. आयसो-ऑक्टेनला १०० आणि हेप्टेनला ० धरून हे माप ठरले. ९१ क्रमांकाचे पेट्रोल हे ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागते. त्या क्रमांकात ताकद नसते, हे नीट लक्षात घ्या. साध्या गाडीत शंभर ऑक्टेनचे पेट्रोल भरले म्हणून ती जोरात पळणार नाही. खिसा मात्र हलका होईल. खुद्द मोटोजीपीच्या नियमातही ऑक्टेनवर १०२ ची मर्यादा आहे.

ही सहनशक्ती वाढवण्याचा पहिला मोठा उपाय १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांनी शोधला. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग! इंजिने सुखी झाली, पण शिसे मुलांच्या मेंदूला घातक ठरले. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल सर्वत्र बंद झाले. आज तेच काम पुष्कळसे इथेनॉल करते. त्याचा ऑक्टेन क्रमांक सुमारे १०८ आहे, आणि त्यातले काही कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरकडच्या उसातून येते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी मानकानुसार किमान ९५ ऑक्टेन लागतो. मात्र इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते. त्यामुळे ते जास्त प्रमाणात द्यावे लागते. न दिल्यास मिश्रण पातळ होते आणि पातळ मिश्रण इंजिन तापवते.

आता त्या मुलाकडे वळू. त्याचे काम खरोखर व्यवस्थित होते. २०२० च्या डिसेंबरात इंडियन ऑइलने शंभर ऑक्टेनचे पेट्रोल विक्रीस आणले होते. तेच त्याने वापरले. आधी मिश्रण ठीक केले, मग ठिणगीची वेळ एकेका अंशाने अलीकडे आणत दर वेळी डायनोवर ताकद मोजली. ताकद वाढायची थांबली, तेथे तो थांबला, आणि खबरदारी म्हणून दोन अंश मागे आला. सगळे वहीत लिहिलेले आहे. ती वही मी पाहिली आहे. प्रयोगवही इतकी नेटकी शाळेत असताना त्याने कधी ठेवली नव्हती!

ट्रॅकवर दुसऱ्या दिवशी त्याचे कॅन संपले. त्याने पंपावरचे ९१ चे पेट्रोल भरले आणि वर ऑक्टेन बूस्टरची बाटली ओतली. बाटलीवर लिहिले होते, ‘३० पॉइंट वाढ’. त्याला वाटले, ९१ अधिक ३०, म्हणजे भरपूर. पण या धंद्यात एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दशांश. ३० पॉइंट म्हणजे ३. पेट्रोल झाले ९४ चे, आणि इंजिन बसवलेले १०० साठी. हेल्मेटमध्ये, वाऱ्याच्या आवाजात, खडखड ऐकू आली नाही. लांब सरळ पट्ट्यावर गाडीतून पांढरा धूर निघाला. सुदैवाने तो पडला नाही.

वडील माझ्याकडे आले ते रागावूनच. “सर, तुम्हीच त्याला विज्ञानाचे वेड लावले,” असे म्हणाले. मी काय उत्तर देणार? दशांश चिन्ह आम्ही पाचवीतच शिकवतो, एवढेच मनात आले. पण पालकांना एक विनंती करतो. रात्री आउटर रिंग रोडवर गाडी पळवणारा मुलगा आणि वही घेऊन ट्रॅकवर जाणारा मुलगा यांना एकाच काठीने हाकू नका. पहिल्याची किल्ली जरूर काढून घ्या. दुसऱ्याला मात्र हिशेब विचारा.

त्या मुलाने वर्षभराने नवा पिस्टन बसवला, मूळ जाडीचे पॅकिंग लावले आणि ठिणगीची वेळ पूर्ववत केली. आता तो पंपावरच्या पेट्रोलवरच धावतो. जुना पिस्टन त्यानेच आणून दिला.

नववी-दहावीसाठी गृहपाठ: घरातील दुचाकीच्या पुस्तिकेतून सीसी आणि कंप्रेशन रेशो शोधा. पिस्टन वर असताना किती घन सेंटिमीटर जागा उरते, ते काढून सोमवारी वहीत दाखवा. पुस्तिका सापडली नाही, तर वर दिलेल्या बुलेटचे गणित करा. ती ३४६ सीसीची होती.