हात बसतो तो उठल्यावर

अगं, तिरकिट तुटतंय म्हणून सलग दोन तास तेच घासत बसलीस, हे मला पटलं नाही. मेहनत बोटं करतात, पण हात बसवायचं काम मेंदू नंतर करतो, तू तबल्यापासून उठल्यावर. त्याला सवड दे.

नवा बोल दहा सेकंद वाजव, तेवढाच वेळ हात मांडीवर ठेव, मग पुन्हा घे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बोटांचा क्रम शिकणाऱ्यांकडून असाच सराव करून घेतला. २०१९ साली तिथल्या संशोधकांनी मांडलं, की सुरुवातीची प्रगती त्या लहानशा विसाव्यांतच होते. पुढे २०२१ मध्ये दिसलं, की त्या वेळात मेंदू तोच क्रम जवळजवळ वीसपट वेगाने गिरवत असतो. तेव्हा मधल्या सेकंदांत मोबाइल नको.

एका बैठकीत दोन नवे कायदे घेऊ नकोस. तिरकिटचा सकाळी, धिरधिरचा संध्याकाळी. १९९६ च्या एका प्रयोगात यंत्राचा दांडा धक्का सोसत हलवायला शिकलेल्यांना लगेच उलट धक्क्याचा धडा दिला, तर पहिला विस्कटला. मध्ये चार तास गेले तेव्हा टिकला. पक्के झालेले कायदे मात्र खुशाल आलटून-पालटून वाजव.

आमचे गुरुजी नवा बोल रात्री द्यायचे, थोडा वाजवून घ्यायचे आणि झोपायला पाठवायचे. सकाळी तोच बोल मोकळा यायचा. २००२ साली संशोधक वॉकर आणि सहकाऱ्यांनी हेच मोजलं. उजखोऱ्या माणसांनी डाव्या हाताच्या बोटांचा क्रम शिकला. दिवसभर जागं राहून फारसा फरक पडला नाही, रात्रीच्या झोपेनंतर वेग सुमारे वीस टक्क्यांनी वाढला. डग्ग्याच्या हातासाठी हे विशेष लक्षात ठेव. विशारदच्या परीक्षेआधी जागरण करून रेला घासायचा नाही. पढंत कर आणि झोप.

सकाळी बसलीस की आधी विलंबितात बोल स्वच्छ काढ, मगच दुगुन.

असा थोडाथोडा रियाज करताना मन खट्टू होतं, तेही सांगून ठेवतो. ब्रिटनमधल्या टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवलं, त्याचा अभ्यास १९७८ मध्ये छापून आला. रोज एकच तास शिकणाऱ्यांना एकूण तास सर्वांत कमी लागले, पण दिवस जास्त गेले म्हणून नाराजही तेच होते. तुलाही वाटेल की आज काहीच झालं नाही. म्हणून रोजची लय वहीत लिही, आणि पंधरवड्याने मागचं पान काढून बघ.