किप्पूरच्या दिवशी चमचाभर खिमट

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे; म्हणून गावाने आम्हाला शनवार तेली हे नाव दिलं. माझं स्वतःचं आयुष्य मात्र घाण्यावर नाही, सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात नर्स म्हणून गेलं. बरोबरच्या मैत्रिणी सोमवार, संकष्टी, एकादशी धरायच्या आणि मला म्हणायच्या, ‘तुमचा धर्म बरा बाई, सगळा स्वयंपाकघरातच!’ त्यांचं अगदीच चूक नव्हतं. खवल्यांचा मासा चालतो, कोलंबी चालत नाही. मटण आणि दही एका ताटात नको. पण स्वयंपाकघरात, न्हाणीघरात आणि आजाऱ्याच्या खाटेशी धर्म नेमका काय करतो, हे मला हळूहळू उमगत गेलं. ते असं.

१. भुकेला ‘नको’ म्हणायचं नाही, ‘थांब’ म्हणायचं. तोंडात घास घालण्याआधी ब्राखा, म्हणजे आशीर्वचन. तेही सगळ्याला एकच नाही. झाडाच्या फळाला वेगळं, भुईतून येणाऱ्याला वेगळं, भाकरीला वेगळं. केळ्याला भुईचं आशीर्वचन लागतं, कारण रब्बींच्या, म्हणजे आमच्या धर्मपंडितांच्या, हिशेबात केळ हे झाड नव्हे. घड उतरला की खुंट मरतो. आमच्याकडे एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि सभोवार फळं. लहानपणी त्या ताटासमोर बसून, आधी खजूर की आधी केळं, यावर आम्हा भावंडांची कुजबुज चालायची. आता कळतं की तेवढ्यात हातातल्या फळाकडे नीट पाहणं व्हायचं. आशीर्वचनाशिवाय खाणारा देवाला वाहिलेली वस्तू उचलून नेतो, इतक्या कडक शब्दांत तालमूद, म्हणजे रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ, बोलतो. आणि तोच तालमूद सांगतो की दावणीच्या जनावराला चारा घातल्याशिवाय मालकाने जेवायला बसू नये.

२. लाज वाटावी असं शरीरात काही नाही. शौचाहून आल्यावर हात धुऊन म्हणायची एक प्रार्थना आमच्यात आहे, हे ऐकून मैत्रिणी आधी हसायच्या. देवाने माणूस शहाणपणाने घडवला, त्यात छिद्रं आणि पोकळ्या ठेवल्या. त्यातलं एक नको तिथे उघडलं किंवा बंद झालं तर माणूस उभा राहू शकणार नाही, असा तिचा आशय. सर्जिकल वॉर्डात काम केलेल्याला ही प्रार्थना समजावून सांगावी लागत नाही. ऑपरेशननंतर पेशंटला लघवी होत नाही, पोट फुगतं, नातेवाईक दारात घुटमळतात, सगळे वाट बघतात. मग एकदाची होते. युरिन बॅगवरचा आकडा तक्त्यात लिहिताना मी ती प्रार्थना मनातल्या मनात पेशंटच्या वतीने म्हणत असे. तो कुठल्या धर्माचा आहे हे कधी पाहिलं नाही.

३. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, हा देहाचाही सण आहे. शुक्रवारी दुपारपासून आजीच्या घरी बंब पेटलेला असे. एकेकाला रेटून न्हायला पाठवायची. काळ्या मनुका भिजत घातलेल्या असत. त्या कुस्करून, फडक्यातून गाळून किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वचनाचं, सरबत व्हायचं. आमच्या कोकणात द्राक्षाची वाइन कुठली! शब्बाथला तीन जेवणं सांगितली आहेत आणि किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, शनिवारी आला तरच त्या दिवशी उपास.

यावर मला आवडते ती रब्बी शिमोन बार योहाईची गोष्ट. रोमनांच्या भीतीने ते मुलासह बारा वर्षं गुहेत लपले. कपडे झिजू नयेत म्हणून गळ्यापर्यंत वाळूत बसायचं आणि दिवसभर तोरा, म्हणजे धर्मशास्त्र, घोकायची. खायला एका झाडाच्या शेंगा. बाहेर आले तर लोक नांगरतायत, पेरतायत. शाश्वताचं सोडून हे काय चाललंय, म्हणून बापलेक संतापले. जिकडे नजर जाई तिकडे आग लागे. तेव्हा आकाशवाणी झाली, की माझं जग जाळायला बाहेर आलात काय? परत गुहेत जा. अजून बारा महिने काढून ते पुन्हा निघाले. शुक्रवारची सांज होत आली होती आणि एक म्हातारा हिरव्या सुवासिक फांद्यांच्या दोन जुड्या घेऊन लगबगीने चालला होता. कशाला, तर शब्बाथच्या मानासाठी. बापलेकांचं मन तिथे निवलं. तालमूद इथे थांबत नाही, हे मला विशेष वाटतं. पुढे शिमोनना हमामात नेतात. वाळूने त्यांची कातडी भेगाळलेली असते, आणि शुश्रूषा करणारा जावई रडतो तर त्याची आसवं त्या भेगांत झोंबतात. एवढा मोठा साधक, पण शेवटी ड्रेसिंग लागलंच.

४. उपदेश करणाऱ्यालाही तो पाळता येईलच असं नाही. रामबाम, म्हणजे मैमोनिदेस, १२व्या शतकातले थोर पंडित आणि इजिप्तच्या दरबारातले वैद्य. भूक लागल्याशिवाय खाऊ नका, पोटाचा चौथा हिस्सा रिकामा ठेवून उठा, शरीर निरोगी राखणं हाच देवाचा मार्ग, असं त्यांनी धर्मशास्त्राच्या ग्रंथात लिहून ठेवलं. आणि ११९९ सालच्या एका पत्रात त्यांचा स्वतःचा दिवस असा: सकाळी कैरोला दरबारात, दुपारनंतर भुकेने व्याकूळ होऊन फुस्तातला घरी, तर ओसरी रोग्यांनी भरलेली. त्यांची माफी मागून दोन घास खायचे. चोवीस तासांत जेवण ते तेवढंच. डबल ड्यूटी केलेल्या कुठल्याही नर्सला हे पत्र आपलंच वाटेल.

५. नवरा-बायकोचं सुख हाही बायकोचा कायदेशीर हक्क. मिश्ना या तालमूदच्या मूळ संहितेत धंद्यानुसार वेळापत्रकच दिलंय: मजुराने आठवड्यातून दोनदा, गाढवं हाकणाऱ्याने एकदा, उंटवाल्याने तीस दिवसांतून एकदा, खलाशाने सहा महिन्यांतून एकदा. नाइट ड्यूटीवाल्यांचा उल्लेख नाही. आम्ही आमचं ठरवलं.

६. उपासापेक्षा जीव मोठा. किप्पूरला आमचे जुने लोक दरफाळणीचा सण म्हणत. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत पाणीही नाही. मात्र आदल्या दिवशी व्यवस्थित जेवणं हेही पुण्यकर्मच धरलंय.

बाबांना मधुमेह होता. इन्शुलिन चालू झालं त्या वर्षी त्यांनी हट्ट धरला, की जन्मभर केलेला उपास मोडणार नाही. माझं ऐकेनात, डॉक्टरांचंही नाही. शेवटी मी सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हजानना गाठलं. त्यांनी घरी येऊन शास्त्रच काढलं: रोगी म्हणाला खायला हवं आणि वैद्य म्हणाला नको, तर रोग्याचं ऐकायचं, वैद्य म्हणाला हवं आणि रोगी म्हणाला नको, तर वैद्याचं. दोन्हीकडून निकाल खाण्याच्याच बाजूने. ‘सॅम्युएलभाऊ, उद्या न खाणं हे पाप होईल,’ एवढं बोलून ते गेले. मोठ्या खजुराएवढं अन्न ही मर्यादा. त्याच्या आतच, मध्ये थांबत थांबत, द्यायचं. मी मऊ खिमट केलं, वाटीत मोजून चमचे ठरवले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. बाबांनी पांढरी टोपी नीट केली, पहिल्या चमच्याआधी ब्राखा म्हटली, घास गिळला आणि म्हणाले, ‘मीठ कमी आहे.’