लहान स्वयंपाकघराचे गणित

स्वयंपाकघर लहान आहे, ही तक्रार आपल्या भागातील पुष्कळ घरांत ऐकू येते. धरणाच्या कामामुळे वाढलेल्या वसाहतीतील बिऱ्हाडे असोत की बाजाररस्त्याच्या मागे भाड्याने घेतलेल्या दोन खोल्या असोत, दोघी एका वेळी आत गेल्या की तिसरीस दारात उभे राहावे लागते. या प्रश्नाचा विचार सामान्यतः भांडी कोठे ठेवावीत येथे सुरू होतो आणि तेथेच संपतो. आम्हांस तो थोडा पुढे न्यावयाचा आहे. या लेखासाठी विद्यार्थ्यांनी हाताशी एक मोजपट्टी आणि पेन्सिल ठेवावी.

प्रथम जुन्या घराकडे पाहू. सुपा धरण १९८७ साली पूर्ण झाले व जुने सुपे गाव जलाशयाखाली गेले. आपल्या तालुक्याचे नावही पूर्वी सुपे हेच होते. त्या गावातील माणसांना, अथवा आजही रानालगतच्या वाड्यांवर राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना, त्यांच्या जुन्या स्वयंपाकघराविषयी विचारावे. शेणाने सारवलेली जमीन, भिंतीशी चूल, चुलीला जोडून वैल. पुढच्या तोंडाशी भात शिजे आणि उरलेल्या आचेवर वैलावर आमटी रटरटत राही. एका जाळात दोन भांडी. चुलीवरच्या माळ्यावर मिरच्या, आमसुले, पुढच्या वर्षीचे बियाणे धुराच्या उबेत कोरडे राहत असे. काम सारे बसून चाले. पाटावर बसलेल्या बाईच्या हाताच्या टप्प्यात विळी, परात, पाण्याचा तांब्या आणि सरपण असे. तिला उठावे लागे ते क्वचित. आम्हा कोंकणी भाषिकांच्या घरी ज्याला रांदप म्हणतात, ते एकटीचे काम नसे. एकजण खोबरे खवी, दुसरी मसाला वाटी, तिसरी चुलीशी बसे. त्या धुराने डोळे व फुफ्फुसे बिघडत, हेही येथे सांगितले पाहिजे. जुन्या घराचे कौतुक करताना हे विसरणारे बहुधा चुलीपासून दूर बसलेले असतात.

मग गॅस आला, ओटा आला आणि बसून करावयाचे काम उभ्याने होऊ लागले. या बदलाचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. बसणाऱ्या माणसास जमीन लागते, उभ्या माणसास भिंत लागते. ओटा आल्यावर जमीन ही केवळ ये-जा करण्याची वाट उरली. तरीही आपण जुन्या सवयीने डबे, पिंप, कांद्याची टोपली जमिनीवरच मांडतो आणि मग पाय ठेवण्यास जागा नाही म्हणून कुरकुरतो. ओट्याच्या खोलीत जे भिंतीवर जाऊ शकते ते जमिनीवर असू नये. मात्र शेगडीच्या माथ्यावर काही टांगू नये. जुन्या चुलीच्या माळ्यावर जे सुकत असे, ते गॅसच्या शेगडीवर ओलावते, कारण तेथे धूर नसून वाफ असते. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात त्या वाफेने मिरच्यांना बुरशी येते.

लहान स्वयंपाकघराचा शास्त्रशुद्ध अभ्यास जर्मनीत झाला. १९२६ साली फ्रांकफुर्ट शहरात कामगारांसाठी मोठ्या प्रमाणावर घरे बांधण्याचे काम एर्न्स्ट माय या वास्तुशास्त्रज्ञाकडे होते. त्यांच्या सहकारी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी हातात घड्याळ घेऊन घरकामाच्या हालचाली मोजल्या, रेल्वेच्या भोजनडब्यातील अरुंद स्वयंपाकघर अभ्यासले, आणि १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब अशी खोली आखली. पीठ, साखर, तांदूळ यांसाठी तोटी असलेले अॅल्युमिनियमचे खण, भिंतीवर उलटून ठेवता येणारी इस्त्रीची फळी, वर-खाली होणारे बसावयाचे स्टूल, पुढे-मागे सरकणारा दिवा, असे सारे त्यात होते. सुमारे दहा हजार घरांत हे स्वयंपाकघर बसविले गेले. आपण तोवर कधी घरचा स्वयंपाक सांभाळला नव्हता, असे या बाईंनीच पुढे सांगितले, ही गंमतीची गोष्ट.

आता पेन्सिल घ्यावी. १.९ गुणिले ३.४ म्हणजे ६.४६ चौरस मीटर. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत, जेवणाची जागा वेगळी असल्यास स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर असावे व त्याची रुंदी १.८ मीटरहून कमी नसावी, असे सांगितले आहे. लहानपणासाठी जगभर प्रसिद्ध झालेली ती जर्मन खोली आपल्या किमान मापाहून जवळजवळ दीड चौरस मीटरने मोठी भरते! तेव्हा आपल्या घरच्या बाईचा हात आखूड नाही, खोलीच आखूड आहे, एवढे तरी विद्यार्थ्यांनी मापाने सिद्ध करून घ्यावे.

फ्रांकफुर्टच्या त्या आराखड्यात एक उणीवही होती. त्यात एकच माणूस काम करू शके. दुसऱ्यास शिरकाव नाही, म्हणजे दुसऱ्याची मदतही नाही. घर जितके शास्त्रशुद्ध, तितकी त्यातली बाई एकटी, असा विचित्र हिशेब झाला. आपल्या नव्या घरांतही हेच घडले आहे, आणि आमच्या मते लहान स्वयंपाकघराचे खरे दुःख येथे आहे. मुलगी आत अडकली की मुलगा बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडतो आणि 'आत जागाच नाही' हे कारण सर्वांस पटते.

या बाबतीत मुंबईच्या गिरणगावातील खाणावळवाल्या बायांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. १९२० नंतरच्या दशकात मुंबईत ज्या बी.डी.डी. चाळी बांधल्या गेल्या, त्यांतील एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, म्हणजे १५ चौरस मीटरांहून किंचित कमी. राहणे, निजणे, रांधणे सारे त्यातच. गिरणगावातील अशाच खोल्यांत राहून कित्येक बाया कोंकणातून व घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांना जेवू घालीत. गिरण्या पाळ्यांवर चालत. पहिल्या पाळीचा गडी जेवून उठला की दुसऱ्याचे ताट मांडले जाई. खोली वाढत नसे. तीच जागा दिवसातून अनेक वेळा वापरली जाई. धान्य निवडणे, भाजी मोडणे ही कामे चाळीच्या गॅलरीत होत. १९७३-७४ च्या गिरणी संपात या बायांनी कामगारांस उधारीवर जेवण दिले, आणि त्यांची ही ताकद व कर्जबाजारीपण दोन्ही पाहून गोवामुक्ती लढ्यातील कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. सावकाराऐवजी बँकेचे कर्ज त्यांना मिळू लागले. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या संपाने गिरण्यांबरोबर खाणावळीही मोडकळीस आणल्या, तो इतिहास निराळा.

या बायांची रीत आपल्या घरात कशी आणावी? आम्ही असे सुचवू की प्रत्येक कामास दोन प्रश्न विचारावेत. यास अग्नी लागतो काय? यास वाहते पाणी लागते काय? दोन्हींचे उत्तर नाही असे असेल, तर ते काम स्वयंपाकघराबाहेर जाऊ शकते. तांदूळ निवडणे, लसूण सोलणे, शेंगा मोडणे, खोबरे खवणे, कणीक मळणे, ही सारी कामे बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून होतात. आपल्या जोयड्याचे कंद तर अंगणातच सोलावेत, म्हणजे मातीही आत येत नाही. यादी करून पाहिल्यास, आत करावयाची कामे निम्म्याहून कमी उरतात, आणि बाहेर आलेल्या कामास मुलगा-मुलगी हा भेद राहत नाही. खोबरे खवण्यास पुरुषाचा हात चांगलाच चालतो.

उरलेल्या कामांचा क्रम लावावा. कुकरात वाफेचा दाब वाढतो म्हणून पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. एकावर एक तीन भांडी ठेवली की वैलाचेच काम होते. तो शेगडीवर असताना भाजी चिरून घ्यावी, तो उतरल्यावर फोडणी, आणि पोळ्या सर्वांत शेवटी. त्यामुळे दोन शेगड्या पुरतात व मळलेल्या कणकेस मुरण्यास वेळही मिळतो. पावसाळ्याच्या बेगमीचे डबे ओट्याजवळ ठेवण्याचे आता कारण नाही. रोजचे ओट्याजवळ, आठवड्याचे वरच्या फळीवर, वर्षाचे खाटेखाली.

जागा वाचवताना एका ठिकाणी मात्र काटकसर करू नये. घरगुती गॅस हवेहून जड असतो. तो गळला तर वर न जाता जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडर उभाच ठेवावा, बंद कपाटात कोंडू नये, आणि जमिनीजवळची झरोक्याची जाळी पोती-टोपल्यांनी बुजवू नये. वाफ मात्र वर जाते; तिच्यासाठी वरची खिडकी पावसातही थोडी उघडी हवी.

सुट्टीत प्रत्येकाने आपल्या घरच्या स्वयंपाकघराची लांबी, रुंदी, ओट्याची उंची आणि आईच्या कोपराची जमिनीपासूनची उंची मोजून आणावी. ओटा कोपराहून थोडा खाली असेल तर लाटताना खांदे दुखत नाहीत. ही मापे जून महिन्यात गणिताच्या तासाला घेऊन यावीत; एक सेंटिमीटरास वीस सेंटिमीटर या प्रमाणाने त्यांचे नकाशे आपण वर्गात काढू.