आधी पारख, मग निर्णय

चांदवड हे नाशिक जिल्ह्यातील जुने गाव. सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी, मुंबई-आग्रा महामार्गावर ते वसले आहे. अठराव्या शतकातील होळकरांचा रंगमहाल तेथे आजही उभा आहे. भोवतालच्या शिवारात कांदा पुष्कळ पिकतो. चाळीत साठविलेला कांदा अधूनमधून निवडावा लागतो. एक कांदा सडला म्हणून शहाणा शेतकरी सारी चाळ उकिरड्यावर टाकीत नाही. पण सडलेला कांदा हळहळत चाळीत ठेवीतही नाही.

या गावातील एका शाळेत दोन संगणक होते. २०२५ सालच्या दिवाळीच्या सुटीनंतर दोन्ही अडून बसले. पहिला पाच वर्षांचा. तो सुरू होण्यास पंधरा मिनिटे घेई व मध्येच थांबे. दुसरा चौदा वर्षांचा. कळ दाबली तरी त्याचा पडदा काळाच राही.

"दोन्ही भंगारात द्यावेत," असे काहींनी सुचविले. परंतु शाळेपाशी एका नव्या संगणकापुरतेही पैसे नव्हते. शिवाय मुलांनी घरोघर फिरून आजीबाईंकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या पहिल्या संगणकात होत्या. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

गुरुजी म्हणाले, "आधी दुखणे ओळखू, मग औषध ठरवू."

कारागीर आला. त्याने वीजपुरवठा तपासला. मग वीज बंद करून दोन्ही यंत्रे उघडली, धूळ झाडली आणि रॅमच्या पट्ट्या काढून, पुसून पुन्हा बसविल्या. तरीही दोष गेला नाही, तेव्हा त्याने एकेक भाग तपासला.

पहिल्या संगणकाची हार्ड डिस्क थकली होती. तिच्यात वेगाने फिरणारी तबकडी असते. तबकडीवरील काही जागा निकामी झाल्या, की यंत्र तीच माहिती पुनःपुन्हा वाचू पाहते आणि संथ होते. कारागिराने प्रथम ओव्यांची प्रत काढून घेतली. नंतर फिरता भाग नसलेली एसएसडी बसविली. खर्च नव्या संगणकाच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आला.

दुसऱ्याचा मदरबोर्डच बिघडला होता. तसा नवा मिळत नव्हता. जुना घालावा, तर तो किती टिकेल याचा भरवसा नव्हता. त्याची विंडोज १० ही प्रणालीही जुनी झाली होती. तिची नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली होती. धडधाकट जुन्या संगणकावर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली चालविता येते. पण येथे यंत्रच धडधाकट नव्हते. म्हणून त्याला निरोप देण्याचे ठरले.

एका मुलाने विचारले, "गुरुजी, एकाला दुरुस्ती आणि दुसऱ्याला निरोप, हे दोन न्याय कसे?"

गुरुजी म्हणाले, "न्याय एकच, बाळ. काय बिघडले? दुरुस्तीला किती खर्च येईल? त्यानंतर यंत्र किती वर्षे चालेल? दोघांनाही हेच विचारले. उत्तरे मात्र निराळी आली."

दुसऱ्या संगणकाचा पडदा व कळफलक चांगले होते. ते शाळेने ठेवून घेतले. डिस्कवरील माहिती पुसून उरलेले यंत्र अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पाठविले. संगणकाच्या भागांत शिशासारखी विषारी द्रव्ये असू शकतात, तसेच तांब्यासारखे मोलाचे धातूही असतात. २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातील पाव हिस्साही रीतसर पुनर्चक्रणास गेल्याची नोंद नाही.

सायंकाळी पहिल्या संगणकाच्या पडद्यावर ओव्या पुन्हा उमटल्या. गुरुजींनी मुलांकडून त्यांच्या आणखी दोन प्रती करून घेतल्या. यंत्र पैसे देऊन नवे आणता येते. हरवलेली ओवी मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही.

शब्दार्थ
पारख – परीक्षा. शिवार – शेतजमीन. पुनर्चक्रण – टाकाऊ वस्तूंतील उपयुक्त द्रव्ये पुन्हा वापरात आणणे.

स्वाध्याय
१. कारागिराने डिस्क बदलण्यापूर्वी कोणते काम केले? का?
२. "न्याय एकच" असे गुरुजी का म्हणाले?
३. तुमच्या घरातील एखादी बिघडलेली वस्तू घेऊन तिला गुरुजींचे तीन प्रश्न लावा व आपला निर्णय लिहा.